व्हेनिसमध्ये तीन रात्री : पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

व्हेनिस पाहून आलेल्या ओळखीच्या लोकांशी बोललात, तर दोन अगदी वेगळी वर्णने ऐकू येतात. काहींना फक्त गर्दी, महागाई आणि पायपीट आठवते, तर काहींचा तिथून पाय निघालेला नसतो. दोघेही खरेच सांगत असतात. पहिल्यांनी ते शहर बहुधा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत पाहिलेले असते आणि दुसऱ्यांनी तिथे रात्री काढलेल्या असतात. दिवसभराच्या सहलीला आलेली माणसे संध्याकाळच्या गाड्यांनी परतली की गल्ल्या मोकळ्या होतात, पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि दोघांनी हातात हात घालून चालावे असे ते शहर होते. म्हणूनच या लेखातला प्रत्येक सल्ला एकाच हेतूने दिला आहे: रात्र आणि पहाट तुमच्या वाट्याला यावी. आम्ही दोघांनी हा सगळा खटाटोप केलेला असल्यामुळे, नेमके कुठे अडखळायला होते ते शक्य तितके सविस्तर लिहीत आहे.

१. दिवस आणि महिना ठरवणे

तीन रात्री हे पहिल्या भेटीसाठी योग्य प्रमाण आहे. दोन रात्रींत एक पूर्ण दिवसच हाती लागतो आणि चौथी रात्र तेव्हाच ठेवावी, जेव्हा तुम्हाला काहीही न करता एक दिवस घालवायचा असेल.

एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा, सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे महिने हवेच्या दृष्टीने उत्तम असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा, डास आणि गर्दी ही तिन्ही एकत्र येतात. लग्नानंतरच्या सुट्टीसाठी हे महिने टाळलेलेच बरे. कार्निव्हलच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीत, मुखवटे आणि पोशाख पाहण्यासारखे असतात, पण खोल्यांचे दर अवाच्या सवा चढतात. माझी स्वतःची पसंती मात्र जानेवारीच्या मध्याला आहे. थंडी कडक असते, सकाळी धुके असते, दिवस लवकर मावळतो, पण वर्षातले सर्वांत शांत व्हेनिस याच वेळी भेटते आणि चांगल्या हॉटेलातली खोली परवडणाऱ्या दरात मिळते. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारलाच. संध्याकाळी पाण्याकाठी बसण्याची हौस असेल, तर हे लक्षात घेऊनच तारखा निवडा.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. युनायटेड किंग्डममध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागतो, हे तिथे नव्याने गेलेल्या अनेकांना माहीत नसते. जर्मनी, नेदरलँड्स यांसारख्या शेंगेन देशाचा वैध निवास परवाना असलेल्यांना छोट्या सहलीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. त्यांनी पारपत्र आणि निवास परवाना दोन्ही जवळ ठेवावेत.

अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण खरी अडचण अर्ज देण्याची वेळ मिळण्यातच असते, कारण मार्चपासून पुढे या वेळा झपाट्याने भरतात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसा शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे द्यावे लागते.

जवळ असायलाच हवी अशी कागदपत्रे पुढीलप्रमाणे:

- परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेले, मागच्या दहा वर्षांत दिलेले आणि दोन कोरी पाने शिल्लक असलेले पारपत्र, तसेच असल्यास जुनी पारपत्रे
- भरून सही केलेला अर्ज आणि ठरवून दिलेल्या मापाचे अलीकडचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवासी वैद्यकीय विमा
- जाण्या-येण्याचे विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचे हॉटेल आरक्षण
- बँक खात्याचे अलीकडच्या महिन्यांचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि नोकरी असल्यास पगारपत्रके
- नोकरीच्या ठिकाणचे रजा मंजुरीचे पत्र किंवा स्वतःच्या व्यवसायाची नोंदणी
- सहलीचा हेतू आणि खर्च कोण करणार हे सांगणारे थोडक्यातले पत्र
- विवाहित असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र. ते फक्त मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतरासह

नवविवाहितांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. लग्नानंतर पत्नीच्या पारपत्रावर माहेरचेच नाव असेल, तर घाईने ते बदलण्याची काहीही गरज नाही. विमान, हॉटेल, विमा आणि व्हिसा या चारही ठिकाणी पारपत्रावर असेल तेच नाव अक्षर न् अक्षर लिहावे आणि नात्याचा पुरावा म्हणून विवाह प्रमाणपत्र जोडावे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून लागते आणि बऱ्याच पारपत्रांवर ते पहिल्या नावाच्याच रकान्यात छापलेले असते. अशा वेळी तिकिटावरही दोन्ही नावे त्याच रकान्यात भरावीत. घरात सासूबाई नव्या नावाने हाक मारत असतील, पण विमान कंपनीला पारपत्रावरचेच नाव कळते.

जोडप्याने एकत्र अर्ज केला तरी प्रत्येकाची फाइल स्वतंत्र असते, त्यामुळे सामाईक कागदांच्या प्रती दोन्ही फायलींत लावा. लग्न न झालेल्या जोडप्यांनी आपापल्या उत्पन्नाचे पुरावे वेगवेगळे द्यावेत. इटलीतल्या हॉटेलात विवाहाचा दाखला कोणी मागत नाही. मात्र प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करण्याचे बंधन हॉटेलांवर असल्यामुळे दोघांचीही पारपत्रे दाखवावी लागतात. व्हेनिसला जोडून पॅरिससारखे दुसरे शहर करणार असाल, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नका.

३. मुक्काम कुठे करावा

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. हॉटेल शोधताना स्वस्त दरात सुंदर खोल्या दिसतात आणि पत्त्यात व्हेनिसचे नावही असते, पण ती हॉटेले पुष्कळदा मेस्त्रेमध्ये असतात. मेस्त्रे हा मुख्य भूमीवरचा नेहमीचा शहरी भाग आहे. तिथून बेटावरच्या, म्हणजे पाण्याने वेढलेल्या जुन्या व्हेनिसमधल्या, सांता लुचिया स्थानकापर्यंत रेल्वेने सुमारे दहाच मिनिटे लागतात, त्यामुळे हा पर्याय शहाणपणाचा वाटतो. परंतु तुम्ही मेस्त्रेत राहिलात, तर रात्री परतीच्या गाडीकडे तुमचे लक्ष राहील आणि सकाळी तुम्ही गर्दीबरोबरच बेटावर पोहोचाल. म्हणजे ज्यासाठी एवढ्या लांब आलात ते दोन्ही प्रहर हातचे जातील. दुसरीकडे कुठेही काटकसर करा, पण मुक्काम बेटावरच करा. खोली लहान चालेल, न्याहारी नसली तरी चालेल.

बेटाचे सहा विभाग आहेत: सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे, दोर्सोदुरो, कान्नारेजो आणि कास्तेल्लो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कान्नारेजो सुचवेन. रेल्वे स्थानकापासून तो विभाग पायी गाठता येतो, दर तुलनेने बरे असतात आणि त्याच्या उत्तरेकडच्या लांब, सरळ कालव्यांच्या काठी संध्याकाळी स्थानिक लोक गप्पा मारत उभे असतात. १५१६ साली ज्यूंना सक्तीने जिथे वसवले गेले, तो गेटोचा चौकही याच विभागात आहे आणि त्याच्या उंच इमारती पाहिल्या की दाटीवाटीने माणसे कशी राहिली असतील ते समजते. सूर्यास्ताची आवड असेल, तर दोर्सोदुरोमधला झात्तेरे हा रुंद दक्षिणाभिमुख घाट जवळ असेल असे हॉटेल पाहा. अगदी शांतता हवी असेल, तर कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग चांगला. सान मार्को चौकाच्या आसपास राहण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण तिथे पायी कधीही जाता येते.

आरक्षण करण्यापूर्वी हॉटेलला तीन प्रश्न लिहून विचारा. जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि तिथून हॉटेलपर्यंत किती पूल चढावे लागतात? इमारतीत लिफ्ट आहे का? आणि खोलीत एकच मोठा पलंग आहे की दोन पलंग जोडलेले आहेत? एकच पलंग हवा असल्यास 'मात्रिमोनियाले' असे स्पष्ट मागा. पत्त्याच्या बाबतीतही सावध राहा. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून संपूर्ण विभागात सलग दिलेले असतात, म्हणून 'कास्तेल्लो' आणि पुढे चार आकडी क्रमांक एवढाच पत्ता मिळतो. आरक्षण झाले की हॉटेलकडून नकाशावरचा नेमका बिंदू मागवून घ्या आणि तो मोबाइलमध्ये इंटरनेटशिवायही उघडेल असा साठवून ठेवा.

दोन करांची माहिती इथेच देतो. हॉटेलात राहणाऱ्यांना पहिल्या पाच रात्रींपर्यंत प्रतिव्यक्ती, प्रतिरात्र पर्यटक कर भरावा लागतो. हॉटेलच्या दर्जानुसार तो काही युरो असतो आणि आरक्षणाच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो. याशिवाय दिवसापुरत्या येणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी प्रवेशशुल्क सुरू झाले आहे. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, पण त्या दिवसांत ही सवलत नगरपालिकेच्या संकेतस्थळावर नोंदवून तिचा क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. तुमच्या तारखा त्या यादीत आहेत का, ते निघण्याच्या आठवडाभर आधी पाहून घ्या.

४. विमानतळापासून खोलीपर्यंत

मुंबईहून व्हेनिसला जाताना बहुतेकांना दुबई, इस्तंबूल किंवा एखाद्या युरोपीय शहरात विमान बदलावे लागते. युरोपीय शहरात बदलणार असाल, तर पारपत्र तपासणी तिथेच होते. ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेशाची डिजिटल नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाल्यामुळे रांगा लांबू शकतात, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा. युरोपातच राहणाऱ्यांनी स्वस्त तिकीट घेताना विमानतळाचे नाव वाचावे. मार्को पोलो हा व्हेनिसचा विमानतळ. काही स्वस्त विमाने त्रेव्हिझोला उतरतात आणि तिथून बसचा बराच प्रवास उरतो.

मार्को पोलोहून बेटावर जाण्याचे तीन मार्ग आहेत. बस सुमारे वीस-पंचवीस मिनिटांत पियात्साले रोमा इथे सोडते. हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि वाहने जिथपर्यंत जातात ती जागाही हीच. अलिलागुना या कंपनीच्या बोटी खाडीतून जातात. त्यांना तासाहून अधिक वेळ लागतो, पण कान्नारेजो किंवा सान मार्कोजवळ उतरायचे असेल, तर बॅगा घेऊन पूल चढण्याचे कष्ट वाचतात. खासगी पाणटॅक्सी सुंदर असते, मात्र शंभर युरोंच्या पुष्कळ वर भाडे पडते. कोणता मार्ग घ्यायचा हे आपल्या हॉटेलच्या जागेवरून ठरवा, वेळेवरून नव्हे.

बॅगांविषयी कळकळीने सांगतो. बेटावर चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळपास प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. अठ्ठावीस इंची बॅग तिसऱ्या पुलावर दोघांमध्ये भांडण लावते. तीन रात्रींसाठी प्रत्येकी एक छोटी बॅग किंवा पाठीवरची सॅक पुरते. मोठे सामान घेऊन युरोपभर फिरत असाल, तर सांता लुचिया स्थानकावर किंवा पियात्साले रोमाजवळ सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे; तिथे मोठी बॅग ठेवा आणि लागेल तेवढेच बेटावर न्या.

५. बोटीचे तिकीट

शहरात मोटारी नाहीत, सायकलीही चालत नाहीत. पाण्यावरची सार्वजनिक बस म्हणजे व्हॅपोरेत्तो. तिचे ७५ मिनिटांचे एक तिकीट ९.५० युरोंना पडते, तर २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५ युरोंना मिळतो. सहा ते एकोणतीस या वयोगटासाठी 'रोलिंग व्हेनिस' नावाचे सवलतीचे कार्ड आहे, ज्यावर ७२ तासांचा पास बराच स्वस्त पडतो. तरुण जोडप्यांनी ते तिकीट खिडकीवर आवर्जून मागावे. दरवेळी चढण्यापूर्वी थांब्यावरच्या यंत्राला पास टेकवायचा असतो, कारण पास जवळ असूनही तो टेकवला नाही म्हणून दंड होतो. साधा पास विमानतळाच्या प्रवासाला चालत नाही.

मार्ग थोडेच लक्षात ठेवावे लागतात. १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यातून प्रत्येक थांबा घेत सावकाश जाते, २ क्रमांकाची कमी थांबे घेते आणि १२ क्रमांकाची फोंदामेन्ते नोवे येथून मुरानो व बुरानो या बेटांकडे जाते. थांब्यावर एकाच क्रमांकाच्या बोटी दोन्ही दिशांना लागतात, म्हणून चढण्यापूर्वी फलकावरचे शेवटच्या थांब्याचे नाव वाचा.

पहिल्या संध्याकाळी अंधार पडू लागताना १ क्रमांकाच्या बोटीने स्थानकापासून सान मार्कोपर्यंत जा. बाहेरची जागा मिळवण्यासाठी एखादी बोट सोडावी लागली तरी हरकत नाही. प्रत्येक थांब्यावर बोटीवरचा कर्मचारी जाड दोराचा फास खुंटीवर टाकतो, दोर करकचतो, लोखंडी फाटक सरकते, माणसे उतरतात आणि काही क्षणांत दोर पुन्हा सुटतो. दोन्ही बाजूंच्या वाड्यांत दिवे लागलेले असतात आणि उघड्या खिडक्यांतून रंगवलेली छते दिसतात. याच प्रवासासाठी लोक मार्गदर्शकासह महागड्या फेऱ्या घेतात. तुमच्या पासात ती फेरी आधीच आलेली असते.

६. तीन दिवसांची आखणी

पहाटेचा नियम पाळा: एक तरी सकाळ सहा-साडेसहाला उठून सान मार्को चौकात जा. त्या वेळी तिथे झाडणारे कर्मचारी आणि सामानाच्या हातगाड्या ओढणारी माणसे एवढीच असतात. चौकातला घंटाघराचा मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला होता आणि १९१२ साली होता तसाच पुन्हा उभारला गेला. रिकाम्या चौकात उभे राहिल्यावर त्याच्या उंचीचा अंदाज येतो; दुपारच्या गर्दीत तो येत नाही.

सान मार्को बॅसिलिका हे चर्च आणि डोजेंचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा, राजवाडा यांची तिकिटे घरूनच, सकाळच्या पहिल्या वेळेसाठी काढा. राजवाड्याचे तिकीट बरेच आधी काढल्यास स्वस्तही पडते. बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. उन्हाळ्यात जवळ एक ओढणी असली म्हणजे काम भागते. उंचावरून शहर पाहायचे असेल, तर चौकातल्या मनोऱ्याच्या रांगेत उभे राहण्याऐवजी समोरच्या सान जोर्जो मॅजोरे बेटावर २ क्रमांकाच्या बोटीने जा. तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, रांग लहान असते आणि वरून खुद्द सान मार्कोच समोर दिसतो.

दुसरा दिवस खाडीतल्या बेटांना द्या, पण तिन्ही बेटांवर सारखा वेळ घालवू नका. मुरानोमध्ये १२९१ सालापासून काचेच्या भट्ट्या आहेत, कारण आगीच्या भीतीने त्या मुख्य शहरातून तिकडे हलवल्या गेल्या. मात्र 'मोफत भट्टी दर्शन' म्हणून नेणारी माणसे शेवटी दुकानातच नेऊन सोडतात. अस्सल वस्तू घ्यायची असेल, तर 'व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही खूण पाहून घ्या. बुरानोच्या रंगीत घरांसमोर फोटो काढायचे असतील, तर सकाळी नऊच्या आत पोहोचा. तिथली हाताने विणलेली लेस महाग असते. स्वस्तात मिळणारी लेस यंत्रावरचीच समजावी. बुरानोहून बोटीने काही मिनिटांवर असलेले तोर्चेल्लो मात्र चुकवू नका. एकेकाळी गजबजलेल्या त्या बेटावर आता मोजकीच माणसे राहतात. तिथल्या ६३९ साली स्थापन झालेल्या चर्चच्या पश्चिम भिंतीवर अंतिम न्यायाचे भव्य मोझाइक आहे आणि बाहेर शेते, कालवा आणि शांतता आहे. दोघांना निवांत बोलायला याहून चांगली जागा आम्हाला तरी सापडली नाही.

तिसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आखूच नका. सकाळी रियाल्तोचा बाजार पाहा, मग नकाशा खिशात ठेवून चाला. भिंतींवर पिवळ्या पाट्यांवर रियाल्तो, सान मार्को आणि स्थानकाकडे नेणारे बाण असतात, त्यामुळे खरोखर हरवायला होत नाही. संध्याकाळी झात्तेरेच्या काठावर बसा. संगीताची आवड असेल, तर रस्त्यावर पोशाख घालून तिकिटे विकणाऱ्यांकडून घेण्यापेक्षा ला फेनिचे नाट्यगृहाचे वेळापत्रक महिनाभर आधी पाहा. १९९६ सालच्या आगीत जळलेले हे नाट्यगृह २००३ मध्ये पुन्हा उघडले. तिथली स्वस्त तिकिटे काढताना रंगमंच पूर्ण दिसणार आहे ना, याची खात्री करून घ्या.

७. गोंडोला

गोंडोलाचे दर नगरपालिकेने ठरवलेले आहेत: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११० युरो. हा दर संपूर्ण नावेचा आहे, माणशी नव्हे. नावेत पाच जणांपर्यंत बसता येते, म्हणून काही संकेतस्थळे माणशी स्वस्त तिकीट विकतात. त्यात तुमच्यासमोर अनोळखी माणसे बसतात. दोघांनाच जायचे असेल, तर थेट नावाड्याशी बोला, चढण्यापूर्वी वेळ, मार्ग आणि रक्कम स्पष्ट ठरवा आणि ग्रँड कॅनॉलऐवजी आतल्या अरुंद कालव्यांतून नेण्यास सांगा. गाणे हवे असल्यास त्याचे पैसे वेगळे असतात. माझ्या मते सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ सर्वांत चांगली, कारण उजेड असतो आणि सूर्य लवकर मावळणाऱ्या महिन्यांत दिवसाचाच दर लागतो.

एवढा खर्च नको असेल, तर ग्रँड कॅनॉल ओलांडणारी 'त्रागेत्तो' नावाची नाव घ्या. तीही गोंडोलासारखीच असते, माणशी दोन युरो पडतात आणि पलीकडचा काठ दोन-तीन मिनिटांत येतो. रियाल्तो बाजारासमोरचा सांता सोफिया घाट त्यासाठी सोयीचा आहे. सुटे पैसे जवळ ठेवा. ही नाव संध्याकाळी उशिरा चालत नाही.

८. खाणेपिणे

व्हेनिसमध्ये चांगले आणि स्वस्त खायचे असेल, तर बाकारोमध्ये जा. बाकारो म्हणजे उभ्याने खाण्यापिण्याची छोटी दुकाने. काचेच्या कपाटात पावाच्या चकत्यांवर निरनिराळे पदार्थ मांडलेले असतात. त्यांना चिकेत्ती म्हणतात. बोट दाखवायचे, दोन-तीन घ्यायचे, सोबत छोटा पेला वाइन किंवा स्प्रित्झ (वाइन आणि सोड्याचे मिश्र पेय) घ्यायचे आणि कालव्याकाठी उभे राहून खायचे. मद्य न घेणाऱ्यांनी 'अनाल्कोलिको' असे सांगितले की बिनमद्याचे पेय मिळते. एका ठिकाणी पोटभर न खाता दोन-तीन बाकारो फिरणे हीच तिथली रीत आहे.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. कोकण-गोव्याच्या माणसाचे पाय रियाल्तोच्या मासळीबाजारात रेंगाळणारच, पण तो बाजार सकाळीच भरतो आणि रविवारी व सोमवारी बंद असतो. तळलेल्या तारलीवर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे घालून मुरवलेला 'सार्दे इन साओर' हा पदार्थ अवश्य खा.

शाकाहारींनी जास्त काळजी घ्यावी, कारण तिथले पुष्कळ पदार्थ दिसायला शाकाहारी आणि प्रत्यक्षात नसतात. 'बिगोली इन साल्सा' या जाड शेवयांच्या सॉसमध्ये कांद्याबरोबर लहान मासे विरघळवलेले असतात, रिझोत्तोमध्ये पुष्कळदा माशांचे पाणी असते आणि डाळीच्या सूपमध्ये डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नको, हे वाक्य पाठ करा. टोमॅटोच्या सॉसमधले न्योक्की, मशरूम घातलेला पोलेंता, भाजलेले रादिक्यो आणि वसंतात मिळणारे कोवळे आर्टिचोक हे चांगले पर्याय आहेत. पार्मेझान चीजमध्ये प्राण्यांपासून मिळणारे रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असते, हे कडक शाकाहारींनी लक्षात ठेवावे.

बिलातल्या तीन गोष्टी आधीच माहीत असू द्या. 'कोपेर्तो' हे टेबलावर बसण्याचे माणशी शुल्क असते आणि ते कायदेशीर आहे. माशांच्या किमतीपुढे 'एत्तो' लिहिले असेल, तर ती किंमत शंभर ग्रॅमची असते. अख्खा मासा मागवण्यापूर्वी त्याचे वजन आणि एकूण किंमत विचारा. आणि कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली, तर टेबलापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंमध्ये वाद्यवृंद वाजत असताना बसलात, तर संगीताचेही वेगळे पैसे लागतात. १७२० सालापासून चालू असलेल्या फ्लोरियानमध्ये एकदा बसण्याची हौस असेल, तर दरपत्रक पाहून, ठरवून बसा. बाहेर उभे राहून ग्राहकांना बोलावणारी, पदार्थांचे फोटो लावलेली हॉटेले मात्र सरळ टाळा.

९. दंड आणि फसवणूक

सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून खाणे, कालव्यात पाय सोडणे किंवा उतरणे, कबुतरांना दाणे टाकणे आणि पुलाच्या कठड्याला नावांचे कुलूप लावणे या सगळ्यांवर बंदी असून त्यासाठी दंड होतो. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून नामांकित कंपनीची नकली पर्स घेतल्यास इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

जोडप्यांना हमखास गाठणारी युक्ती गुलाबाची असते. एखादा माणूस पत्नीच्या हातात फूल ठेवतो, 'भेट' म्हणतो आणि मग पतीकडे पैसे मागत मागे लागतो. फूल हातात घेऊच नका. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपयांत की युरोंत असे विचारले, तर नेहमी युरो निवडा, कारण रुपयांचा दर तोट्याचा असतो. एटीएमवरही तोच प्रश्न येतो आणि उत्तरही तेच. गर्दीच्या बोटीवर आणि रियाल्तो पुलावर पाकीट पुढच्या खिशात ठेवा. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

१०. भरतीचे पाणी

शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत मोठ्या भरतीला पाणी रस्त्यांवर येते. त्याला 'आक्वा आल्ता' म्हणतात. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती (ही उंची समुद्राच्या ठरावीक प्रमाण पातळीपासून मोजतात, ती रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे). त्यानंतर ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तीन मुखांवर मोझे ही हलत्या दारांची भिंत वापरात आली आणि मोठे पूर आता शहराबाहेरच थोपवले जातात. सान मार्को हा सखल भाग असल्याने कमी उंचीच्या भरतीतही तिथे पाणी साचू शकते, पण ते काही तासांत ओसरते. हॉटेलवाले आदल्या दिवशी अंदाज सांगतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जात असाल, तर पाणी न शिरणारे बूट न्या आणि फळ्यांच्या उंच मार्गांवर फोटोसाठी थांबू नका, कारण मागे कामावर निघालेले लोक असतात.

११. परतीचा दिवस

विमान दुपारनंतरचे असेल तर उत्तम, म्हणजे शेवटची सकाळ हाती लागते. खोली सोडून बॅगा हॉटेलातच ठेवता येतात. आदल्या रात्री दोन गोष्टी तपासा: वाहतुकीचा संप जाहीर झालेला नाही ना, आणि सकाळच्या धुक्यामुळे बोटी उशिरा सुटणार नाहीत ना. इटलीत संपाची सूचना आधी दिली जाते आणि हॉटेलात विचारल्यास लगेच समजते. बोटीने विमानतळावर जाणार असाल, तर घाटापासून विमानतळाच्या इमारतीपर्यंत आणखी दहा मिनिटे चालावे लागते, तोही वेळ धरा. बसने जाणार असाल, तर पियात्साले रोमापर्यंत पोहोचण्यासाठी अर्धा तास अधिक ठेवा. काचेची वस्तू घेतली असेल, तर ती हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवा आणि तिची पावती पारपत्राबरोबर ठेवा.